करड्या पतंगांची वंशावळ

1885 साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याचा मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवरचा लेख छापून आला. मुंबईत 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी करणाऱ्या मंडळींपैकी हा एक. लेखात देखण्या फुलपाखरांच्या रांगेत वाळक्या काडीच्या रंगाचा एक छोटा पतंगही होता. स्विन्होने त्याचे नाव ठेवले क्रॅम्बस पार्टेलस. आज त्याला कायलो पार्टेलस म्हणतात. कोवळ्या ज्वारीचा किंवा मक्याचा वाळलेला पोंगा ओढला आणि तो अलगद हातात आला, तर बहुतेक वेळा आत याचीच अळी बसलेली असते.

हा पतंग पुढे 1930 च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या मलावीत आढळला. तिथून तो पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या मका-ज्वारीच्या शेतांत पसरला आणि काही दशकांत तिथल्या गरीब शेतकऱ्यांचा मोठा शत्रू झाला. 1993 मध्ये नैरोबीच्या ‘इसिपे’ या कीटकसंशोधन केंद्राने केनियाच्या किनाऱ्यावर कोटेसिया फ्लेव्हिपेस ही आशियाई परोपजीवी गांधीलमाशी सोडली. किडीचे माहेर आशियात, म्हणून तिचा वैरीही आशियातून आणायचा, असा हिशेब होता. माशी तिथे रुजली. पण आफ्रिकेतल्या मक्याच्या शेतांत बुसिओला फुस्का नावाचा अस्सल आफ्रिकी खोडकिडाही होता. त्याच्या अळीत माशीने अंडी घातली, तर अळीच्या रक्तातल्या पेशी त्या अंड्यांभोवती कवच धरून त्यांना मारून टाकत. शेतकऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही अळ्या सारख्याच, दोन्ही ताट पोखरणाऱ्या. माशीच्या अंड्यांना मात्र फरक पडत होता, कारण कायलो क्रॅम्बिडी कुळातला आणि बुसिओला नॉक्टुइडी कुळातला. त्यांच्या वंशांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वीच फुटलेल्या.

इथेच दुसरीही एक गोष्ट घडत होती. केनियाच्या किनाऱ्यावर कायलो ओरिकाल्कोसिलिएलस नावाचा त्याच गटातला स्थानिक खोडकिडा आधीपासून होता. परक्या कायलोने त्याला हळूहळू मागे सारले. एका प्रजातीने दुसरीची जागा घेण्याची ही प्रक्रिया अभ्यासकांना टिपता आली, याचे कारण इतकेच की दोन सारखे दिसणारे पतंग वेगळे आहेत हे कुणीतरी आधी सांगून ठेवले होते. सगळ्यांच्या वहीत ‘खोडकिडा’ एवढीच नोंद असती, तर वर्षामागून वर्ष खोडकिड्यांची संख्या तेवढीच दिसली असती आणि शेतात काही बदलले आहे असे कुणाला वाटलेही नसते.

वर्गीकरणाकडे आपल्याकडे कारकुनी म्हणून पाहिले जाते. आधी निसर्ग, मग विज्ञान, आणि सगळे झाल्यावर कोपऱ्यात बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा एक म्हातारा, असे काहीसे चित्र. मला हे चित्र उलटे वाटते. कूळ ठरवणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टींबद्दल अंदाज बांधणे: ही अळी काय खाईल, कोणता वैरी तिच्यात जगेल, कोणता गंध नराला खेचेल. अंदाज चुकतोही. कोटेसिया फ्लेव्हिपेस सेसामिया या नॉक्टुइड खोडकिड्यात जगू शकते, म्हणजे कुळावरून बांधलेला नियम तिथे लागू पडत नाही. पण चुकू शकणारे अंदाज हीच तर विज्ञानातली खरी विधाने; चिठ्ठी कधी चुकत नाही, कारण ती काही सांगतच नाही.

हे म्हणणे तपासायला या पतंगांइतका चांगला समूह क्वचित मिळेल. इंग्रजीत ज्यांना ग्रास मॉथ, म्हणजे गवती पतंग, म्हणतात ते क्रॅम्बिडी, आणि त्यांचे सख्खे भाऊबंद पायरॅलिडी. दोघे मिळून पायरॅलॉइडिया हे अधिकूळ होते. त्याच्या जगभरात सुमारे 16 हजार प्रजातींची वर्णने झाली आहेत. सगळ्या जगातली फुलपाखरे मोजली तर साधारण 18 हजार भरतात, म्हणजे संख्येत हे त्यांच्या फार मागे नाहीत. फरक इतकाच की फुलपाखरांवर घराघरांत पुस्तके असतात आणि यांच्यावर फवारणीची पत्रके.

‘गवती’ हे विशेषण मात्र फसवे आहे. गवताच्या काडीवर पंख अंगाभोवती गुंडाळून बसणारे, तोंडापुढे चोच असल्यासारखे दिसणारे, पाऊल टाकले की दोन हात उडून पुन्हा काडीवर नाहीसे होणारे, हे खरे क्रॅम्बिनी उपकुळातले. कायलोही त्यातलाच. पण क्रॅम्बिडींचे सगळ्यात मोठे उपकूळ आहे स्पायलोमेलिनी, चार हजारांवर प्रजातींचे, आणि त्यातल्या बहुतेकांचा गवताशी संबंध नाही. वांगी पोखरणारी ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस त्यातली. तुरीच्या फुलाशेंगांचा जाळीने गुच्छ करून आत बसणारी मारुका त्यातलीच. भाताचे पान लांबीत दुमडून आतून खरवडणारी अळीही याच उपकुळातली. ती योगायोगाने गवतावर जगते, पण तिची सख्खी नाती द्विदल झाडांवरच्या अळ्यांशी आहेत.

तिसरे उपकूळ, असेंट्रोपिनी, पाण्यात उतरले. कोकणातल्या भातखाचरात पानाचे तुकडे कापून सुरळी करून पाण्यावर तरंगणारी अळी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंनी धाग्यांसारखे कल्ले असतात. पतंगाची अळी कल्ल्यांनी श्वास घेते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नसते, मला कळलेले नाही. खाचरातले पाणी दोन-तीन दिवस काढून टाका हा जुना सल्ला या कल्ल्यांमुळेच लागू पडतो. तो सल्ला खोडकिड्याला द्याल तर काही उपयोग नाही.

पायरॅलिडींकडे वळलो की कारभार आणखीच विचित्र. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणारा गॅलेरिया मेलोनेला यांच्यातला. 2017 मध्ये याच अळीने प्लास्टिकच्या पिशवीला भोके पाडली म्हणून ती बातम्यांत आली होती. दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या आळशी प्राण्याच्या केसांत राहणारा आणि त्याच्या विष्ठेत अळ्या वाढवणारा पतंग यांच्यातला. ऑस्ट्रेलियात लाखो एकर गिळून बसलेले निवडुंग ज्याच्या अळ्यांनी 1926 नंतरच्या काही वर्षांत फस्त केले, तो कॅक्टोब्लास्टिसही. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावात त्याच्या नावाने एक सभागृह उभे आहे. तोच पतंग 1989 मध्ये फ्लोरिडात पोचला तेव्हा मात्र त्याला कुणी हार घातले नाहीत, कारण तिथले निवडुंग तिथलेच होते.

इतक्या निरनिराळ्या सवयींची ही मंडळी एका अधिकुळात कशावरून? कानावरून. या पतंगांचे कान पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या खालच्या बाजूला असतात. दोन छोट्या खोल्या आणि त्यांवर ताणलेला पातळ पडदा, असे हे कान. वटवाघळाचा आवाज ऐकून हवेतल्या हवेत कोलांटी मारणे हे त्यांचे ठळक काम. गॅलेरियाचा कान 300 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो असे 2013 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवले. माणसाची मर्यादा 20 ची, आणि एवढ्या उंच स्वरात ओरडणारे वटवाघूळ अजून कुणाला सापडलेले नाही. पतंगांच्या इतर समूहांतही कान आहेत, पण नॉक्टुइडांचे छातीवर आहेत. कान पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी, स्वतंत्रपणे घडले. म्हणून एकाच जागी, एकाच घडणीचा कान असणे हे समान पूर्वजाचे चांगले लक्षण ठरते.

क्रॅम्बिडी आणि पायरॅलिडी यांच्यातली भिंतही या कानातच आहे. क्रॅम्बिडींत कानाची खोली पुढून उघडी असते, पडदा कोनात वाकलेला असतो आणि दोन कानांच्या मध्ये एक छोटी घडी पुढे येते. पायरॅलिडींत खोली बंद, पडदा एका पातळीत, घडी नाही. अळीतही खूण सापडते: पायरॅलिडींच्या अळीच्या पोटाच्या आठव्या खंडावर एका ठरावीक केसाच्या बुडाशी बहुधा गडद कडे असते. पंखांच्या रंगावर भिस्त ठेवणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्यासाठी पतंग उलटा करून भिंगाखाली घ्यावा लागतो.

तरी ही दोन कुळे की एक, यावर दशकानुदशके वाद चालला. कॅनडाचे यूजीन मनरो 1970 च्या दशकात सगळ्यांना एकाच पायरॅलिडी कुळात ठेवत होते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सचे जोएल मिने यांनी कानाच्या रचनेवरून दोन कुळे स्वतंत्र मांडली. 2012 मध्ये डीएनएवरून या वंशवृक्षाची फांदीन् फांदी तपासली गेली आणि दोन्ही गट आपापल्या जागी अखंड निघाले. मग मनरो चुकले का? मला तसे वाटत नाही. फांदी वेगळी आहे, ही निसर्गातली वस्तुस्थिती, ती सापडते. त्या फांदीला कूळ म्हणायचे की उपकूळ, हे माणसांनी बसून ठरवायचे असते. वर्गीकरणावर होणारी निम्मी टीका या दोन गोष्टींची गल्लत करते: पातळी मनमानी आहे हे पाहून लोक फांदीही मनमानी समजतात. दुसऱ्या टोकाला काही वर्गीकरणशास्त्रज्ञ पातळीसाठी असे भांडतात की जणू ‘कूळ’ नावाची वस्तू झाडाला लोंबकळत असते.

फांदी न पाहता केलेल्या विभागणीचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मायक्रो’ आणि ‘मॅक्रो’. पतंग गोळा करणाऱ्यांनी फार पूर्वी लहान ते मायक्रो, मोठे ते मॅक्रो अशी वाटणी केली, आणि गवती पतंग मायक्रोंच्या गठ्ठ्यात पडले. संग्राहक मॅक्रोंकडे वळले, मायक्रो उरले. जॉर्ज हॅम्पसन हा निलगिरीतला चहामळेवाला पुढे लंडनच्या संग्रहालयात बसून ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे पतंगांवरचे चार खंड लिहून गेला, पायरॅलिडी त्याने 1896 च्या चौथ्या, शेवटच्या खंडात घेतले. त्याहून लहान पतंगांना त्या मालिकेत जागा मिळाली नाही. आजचा डीएनएचा पुरावा सांगतो की पायरॅलॉइडिया हे रेशमाचे पतंग, शार्दूल पतंग, नॉक्टुइड या ‘मॅक्रो’ समूहाच्या अगदी शेजारचे आहेत, आणि फुलपाखरांची वाट त्यांच्याही आधी फुटलेली आहे. म्हणजे हा नखाएवढा करडा जीव ॲटलास पतंगाचा फुलपाखरापेक्षा जवळचा नातलग. आकारावरून केलेल्या विभागणीने काही सांगितले असेल तर एवढेच, की माणसाला कशात रस होता.

आता शेतकऱ्याचे वर्गीकरण. ते अडाणी आहे असे म्हणणारा मी नाही. उसात तीन किडी वेगळ्या ओळखल्या जातात: लहान उसाचा पोंगा मारणारा खोडकिडा, कांड्या धरल्यावर येणारी कांडी कीड आणि वरून शिरणारी शेंडे कीड. पोंगा मर झाली की ओढून वास घ्यायचा; कुजका वास आला तर खोडकिडा. ही विभागणी जागेवर आणि वेळेवर उभी आहे, आणि कधी माती लावायची, कधी काय सोडायचे यासाठी ती पुरते. विशेष म्हणजे या तीन नावांमागे खरोखरच तीन प्रजाती आहेत. पहिल्या दोन कायलो गटातल्या, शेंडे किडीचा पतंग मात्र पांढराशुभ्र, स्कर्पोफॅगा गटातला. शेताच्या बांधावर जे वेगळे ओळखले गेले, ते कागदावर मात्र बराच काळ नीट उतरले नव्हते. ए. पी. कपूर यांनी 1950 मध्ये उसावरच्या भारतीय क्रॅम्बिनांची ओळख तपासणारा प्रबंध लिहिला आणि कांडी किडीचे नाव तिथून मार्गी लागले. शेंडे किडीला आपले साहित्य कितीतरी वर्षे निव्हेला म्हणत राहिले. 1981 मध्ये थायलंडच्या अंगून लेवानिच यांनी सगळा गट नव्याने तपासला, तेव्हा उसावरची प्रजाती एक्सर्प्टॅलिस असल्याचे पक्के झाले.

पण शेतकऱ्याची पद्धत एका ठिकाणी अडते. भातात, गव्हात, उसात दिसणारा गुलाबी खोडकिडा हाही ‘खोडकिडा’च, प्रत्यक्षात तो सेसामिया, नॉक्टुइड. नुकसान तेच, जागा तीच, वंश निराळा. नेहमीच्या हंगामात याने काही बिघडत नाही. नवा कामगंध सापळा आणला, नवी परोपजीवी माशी सोडली, की बिघडते.

या गोष्टीत एक गंमत आहे आणि ती वर्गीकरणवाल्यांचा ताठा थोडा उतरवणारी आहे. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत तयार होणारी ट्रायकोकार्डे उसाच्या पानाखाली टाचली जातात. त्यांतून निघणारी ट्रायकोग्रामा किलोनिस ही टिंबाएवढी माशी खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते. कायलोवरूनच तिचे नाव पडले. पण कार्डावर कायलोची अंडी नसतात, असतात कॉर्सिराची. कॉर्सिरा हा साठवलेल्या तांदळातला पतंग, पायरॅलिडी कुळातला, भरडलेल्या ज्वारीवर ट्रेमध्ये हजारोंनी वाढवता येतो. म्हणजे एका कुळाच्या अंड्यांवर पोसलेली माशी दुसऱ्या कुळाची अंडी नष्ट करते. ट्रायकोग्रामाला अंड्याशी मतलब. अळीच्या रक्तात जगायचे असल्याने कोटेसियाला वंशाशी मतलब. प्रत्येक प्राणी आपल्या गरजेपुरते वर्गीकरण करतो, शेतकरीही आणि माशीही. वंशावळीवरचे वर्गीकरण यांपैकी कुणाच्याच सोयीचे नाही. म्हणूनच ते सगळ्यांना थोडे थोडे उपयोगी पडते, आणि उद्या ज्याची गरज आज माहीत नाही त्यालाही.

‘पण नावे सारखी बदलतात’ ही तक्रार खरी आहे. आपल्या जुन्या कृषी साहित्यात ज्वारीचा खोडकिडा कायलो झोनेलस म्हणून सापडतो. हे नावही स्विन्होचेच, पार्टेलसच्या आदल्या वर्षीचे, आणि ते आधीच दुसऱ्या एका पतंगाला देऊन झालेले होते. म्हणून ते सोडावे लागले. वांग्याच्या अळीचे कूळ कुठे पायरॉस्टिडी, कुठे पायरॅलिडी, कुठे क्रॅम्बिडी छापलेले असते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना याचा त्रास होतो, आणि नाव बदलून अळी मरत नाही हेही कबूल. पण या बदलांत दोन जाती आहेत. झोनेलसचा बदल निव्वळ नियमांचा. त्याने ज्ञानात काडीची भर पडत नाही, आणि असे बदल जितके कमी तितके बरे. दुसरे बदल शोधाचे असतात. त्यांना विरोध करणे म्हणजे नकाशा जुना ठेवून रस्ता चुकणे.

युरोपच्या मका पोखरणाऱ्या ऑस्ट्रिनिया नुबिलॅलिसचे पाहा. या क्रॅम्बिड किडीसाठीच अमेरिकेत 1996 पासून बीटी मका पेरला गेला. तिच्यात गंधाचे दोन वाण आहेत. दोन्ही वाणांच्या माद्या तीच दोन रसायने सोडतात, पण एकीत पहिल्याचे प्रमाण 97 टक्के, तर दुसरीत दुसऱ्याचे 99 टक्के. चुकीच्या प्रमाणाचा सापळा लावला, तर शेत पतंगांनी भरलेले असूनही सापळा रिकामा राहतो, आणि शेतकरी निर्धास्त. नाव एकच आहे, आणि तेवढे पुरेसे नाही.

वांग्याच्या अळीची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. बीटी वांग्यावरून 2010 च्या सुरुवातीला नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारीत केंद्राने त्याला स्थगिती दिली; बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली. त्या रणधुमाळीत कंपन्या, बियाणे, आरोग्य, सार्वभौमत्व सगळ्यांवर लोक बोलले. ज्या पतंगासाठी हे सगळे चालले होते तो कोण, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. आफ्रिकेतही वांग्यात हीच ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस असते असे तेव्हा सगळेच धरून चालत. 2015 मध्ये रिचर्ड मॅली आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतून युरोपच्या बंदरांत वांग्यांबरोबर येणारे नमुने उघडून पाहिले. आशियाई प्रजाती त्यात नव्हतीच. होता तो आफ्रिकी प्रजातींचा अख्खा समूह, आणि त्यांतल्या सात विज्ञानाला नव्या होत्या. एका नावाखाली दोन खंडांची किडींची यादी चुकलेली होती.

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केले. चांगले केले, फुलपाखरे पाहणारी माणसे त्यामुळे वाढली. पण ज्यांच्याशी आपले रोजचे व्यवहार आहेत, भात, ज्वारी, ऊस, तूर, वांगे, धान्याचे कोठार आणि मधाच्या पेट्या, ते जीव ओळखणारी माणसे वाढलेली नाहीत. या पतंगांची ओळख पटवायची तर पोटाच्या टोकाचे जननेंद्रिय काढून, पोटॅशमध्ये शिजवून, काचपट्टीवर बसवून पाहावे लागते. हॅम्पसनने आणि त्याच्या आधीच्या अभ्यासकांनी ज्यांवरून नावे दिली ते मूळ नमुने बहुतांशी लंडनला आहेत. हे काम हळू आहे, त्याला प्रसिद्धी नाही, आणि नोकऱ्या तर नाहीतच.

2018 मध्ये भारतीय अभ्यासकांनी मॅली यांच्याबरोबर एका पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या पतंगाचे नाव जाहीर केले: कोनोगेथिस सह्याद्रिएन्सिस. तो वेलचीचे कोंब आणि बोंडे पोखरतो. एरंडावरची कोनोगेथिस पंक्टिफेरॅलिस आणि वेलचीवरची कीड एकच, असे तोवर सर्रास छापले जात होते. ती एक नाही हे कळल्यावर त्या जुन्या नावाखाली दक्षिणेतून छापलेला प्रत्येक निबंध पुन्हा वाचावा लागतो: कुठल्या पतंगावर औषध चालले, कुठल्याची पिढी किती दिवसांत पुरी झाली, कुठला सापळ्यात आला. एरंड की वेलची हे निबंधात नोंदले असेल तर अर्धे उत्तर मिळते. उरलेल्या अर्ध्यासाठी त्या त्या प्रयोगातले पतंग टाचणीला लावून, चिठ्ठीसह, कुठल्यातरी कपाटात जपलेले असायला हवेत. ज्यांनी जपले त्यांचे निबंध आजही वापरता येतात. बाकीच्यांच्या निबंधांत आकडे आहेत, पण ते कोणाचे हे आता सांगता येत नाही.